पाणंदीतली फौजी चाकं

मूर्ती काळ्या दगडाची होती. मांडी घालून बसलेले बुद्ध, तरी उंची उभ्या माणसाएवढी आणि वजन दोन टनांच्या पुढं. बुद्धपौर्णिमेला माळावरच्या नव्या विहारात तिची स्थापना व्हायची होती. वस्तीपासून माळापर्यंत जायला उसातून गेलेली एक पाणंद आहे, नुसत्या काळ्या मातीची. वळीव झाला की तिथं बैलाचा पाय निघत नाही. मागच्या साली विहाराच्या विटा घेऊन निघालेली ट्रॉली तिथंच कलंडली होती.

विहाराचं सगळं माझी थोरली बहीण बघते. तिला सगळी वस्ती आक्का म्हणते. बैठकीत कुणीतरी सुचवलं, जेसीबीच्या बकेटात ठेवून नेऊ, काम लवकर उरकेल. आक्का म्हणाली, ज्यानं गटारं उपसतात त्यात मूर्ती बसवायची नाही. ओढत न्यायची नाही. एकदा उचलली की विहारातच टेकवायची. मग माझ्याकडं वळली.

"अण्णासो, तुझ्या गाडीतनं जाईल ती."

सगळ्यांसमोर मी हो म्हणालो. माझी गाडी म्हणजे जन्मभर ऊस आणि वाळू ओढलेला ट्रक. त्या पाणंदीत तो रिकामासुद्धा अडकला होता.

दुसऱ्या दिवशी मी हंबीररावाच्या गॅरेजात गेलो. हातकणंगल्याच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे आणि माझ्या गाडीचा प्रत्येक नट त्याच्या हातून गेलाय. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की कबनूरला एका भंगारवाल्यानं लिलावात फौजेच्या ट्रकांची चिखलातनं चालणारी चाकं घेतलीत, बघून येऊ.

चाकं शेडच्या भिंतीला उभी केली होती. मी जवळ गेलो. माझ्या छातीला लागत होती ती. टायरवरच्या रबराच्या दोन गुट्ट्यांमधल्या खाचेत माझा अख्खा हात बसत होता. खाचेच्या तळाला बारीक पांढरी वाळू चिकटलेली होती. ती मी चिमटीत घेतली. आपल्या मुलखात अशी वाळू कुठंच नाही. वारणेची नाही, पंचगंगेची नाही. ही चाकं कुठं कुठं फिरून आली असतील, बर्फातून, वाळवंटातून, आणि आता कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गप उभी होती. हंबीररावानं नेहमीसारखी पहार मारून आवाज घेतला, पण मारताना तोही जरा हळू मारत होता.

चाकं विकत घेतली. ती बसवायला आठवडा गेला. रिमांची भोकं जुळेनात, ती उद्यमनगरला लेथवर नेऊन जुळवली. पुढची मडगार्डं कापली. गाडीखालच्या स्प्रिंगच्या कमानीत एकेक पाटा जास्तीचा घातला, तेव्हा गाडी वर उचलली आणि चाक फिरायला जागा झाली. मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं होती, तिथं ही दोन-दोन मावेनात म्हणून एकेकच बसवलं. सहा चाकांची गाडी चार चाकांची झाली. येणारे-जाणारे हंबीररावाला विचारायचे, उरलेली दोन इकून खाल्लीस काय. तो त्यांना सांगायचा, तुमच्या घरला आहेर पाठवलाय.

शेवटी त्यानं हवा भरली. आमच्याकडं मालाच्या गाडीला हवा ठासून भरतात, पहार मारली की चाक घंटेसारखं वाजलं पाहिजे. ही चारही वाजली. मी आत बसलो आणि गॅरेजच्या भिंतीपलीकडचं शेत मला दिसलं. तीस वर्षं त्या दारात गाडी लावली, पण भिंतीपलीकडं काय आहे ते कधी दिसलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी वळीव पडला, चांगला दणकून.

सकाळी मूर्ती हौद्यात चढवून चारी बाजूंनी बांधली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, निळे झेंडे धरलेली माणसं मागून चालत होती. हंबीरराव शेजारी बसला होता. पाणंदीचा पहिला निम्मा भाग गाडी गेली. मग ओघळाचा सखल भाग आला. पुढची दोन्ही चाकं चिखल कापत खाली गेली. मी रेस दिली तसं मागचं उजवं चाक जागेवरच फिरलं, चिखल उडाला आणि गाडी उजवीकडं कलली. मागून बायकांचा आवाज आला. मी इंजिन बंद केलं.

उतरून बघितलं. मूर्ती दोरांवर तोलून राहिली होती. आणखी जरा कलली असती तर दोर तुटले असते. उसाच्या चिखलात बुद्ध पालथे पडलेले मला दिसायला लागले. आक्का गर्दीतून पुढं आली आणि गाडीपाशी थांबली.

हंबीरराव गाडीभोवती फिरत होता. डाव्या मागच्या चाकापाशी थांबून त्यानं शिवी हासडली. तिथला व्हॉल्व गळत होता, निम्मी हवा गेली होती, चाक बसकं, पसरट झालं होतं. तो पंप आणायला निघाला. मी सहज खाली वाकलो आणि तसाच राहिलो. तीन चाकं चिखलात गेली होती. हे बसकं चाक वर होतं. त्याच्याखाली चिखल दबून जात्याच्या पाळीसारखा पसरला होता, आणि त्यात खाचेचा एकेक ठसा स्वच्छ उमटला होता.

"हंबीर, थांब. पंप नको. हे एकटंच वर हाय."

त्यानं येऊन बघितलं. मग मी म्हणालो, बाकीच्यांचीही हवा सोडू.

"अण्णा, डोकं ठिकाणावर हाय का? एवढ्या वजनाखाली हवा सोडतंय व्हय कोण? रिमवरनं टायर सुटला तर मूर्ती गेलीच की."

ते मलाही कळत होतं. मी आक्काकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस," ती म्हणाली. "मूर्ती तुझ्या हवाली केलीया."

मी हंबीररावाला सोड म्हणालो. जन्मभर हवा भरणारा तो माणूस चिखलात गुडघे टेकून बसला आणि एकेका चाकाचा व्हॉल्व सोडत गेला. फुस्स आवाज बराच वेळ चालला होता. चाकं हळूहळू खाली बसली, बाजूला फुगली, रुंद झाली. चाकांपुढची माती आम्ही खोऱ्यानं ओढून काढली आणि मी पहिला गिअर टाकला. रेस दिली नाही. क्लच फक्त सोडत गेलो.

गाडी हलली. आधी वाटलं, भास झाला. मग समोरचा ऊस मागं सरायला लागला. चाक फिरतंय असं वाटतच नव्हतं. एखादं मोठं जनावर जमिनीला न दुखवता पाय ठेवत चाललंय असं वाटत होतं. गाडी सरळ झाली. हंबीरराव डोकं बाहेर काढून सारखा खाली बघत होता, आणि तोंडानं एकच म्हणत होता, "बघा की. बघा की हे."

माळाच्या चढाला लागल्यावर मी आरशात बघितलं. पाणंदीत चाकांच्या दोन रुंद वाटा उमटल्या होत्या, सपाट, दाबून घट्ट केलेल्या. आक्का सर्वात पुढं होती. तिनं चपला हातात घेतल्या होत्या आणि त्या ठशांवर पाऊल ठेवत येत होती. तिच्यामागून सगळी वस्ती दोन रांगांत चालत होती, वंदना म्हणत, आणि एकाचाही पाय रुतत नव्हता.