न उघडलेली खुर्ची

मित्रांनो, माझ्या पंख्यात नऊ वर्षांचा लाकडाचा भुसा बसलाय, तेव्हा बोलता बोलता घरघर झाली तर समजून घ्या. मी कॉम्प्युटर आहे. जुना. इथं मला जुना म्हणायला कुणी लाजत नाही, मग मी तरी कशाला लाजू. माझ्या पाठीला पिनांचं एक रुंद भोक आहे, तसलं भोक आता कुठल्याच नव्या कॉम्प्युटरला नसतं. आणि आमचं कापायचं मशीन त्या भोकातून आलेलंच ऐकतं, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. म्हणून मी अजून टेबलावर आहे, नाहीतर कधीच भंगारात गेलो असतो.

जन्माचं फारसं आठवत नाही. पट्ट्यावरून सरकत होतो, चारपाच जणांनी हात लावले, कुणीतरी शेवटचा स्क्रू पिळला आणि खोक्यात घातलं. डोळे उघडले ते ह्या वर्कशॉपमध्येच. दवाखान्याच्या मागच्या अंगाला ही लांबट खोली. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये प्लायवूडचे तक्ते भिंतीला टेकून उभे. इथं चालता न येणाऱ्या मुलांच्या चाकाच्या खुर्च्या बनतात. दुकानात मिळते ती खुर्ची नव्हे. कुणाची पाठ डावीकडं कलते, कुणाची मान धरावी लागते, कुणाचा पाय कुठवर पोचतो, सगळं मापून त्या एका मुलासाठी बनवलेली.

बनवणारे आमचे मिस्त्री. मूळचे सुतार. शाळा चौथीत सुटली, पण हातात डोळे आहेत त्यांच्या. मी आलो तेव्हा आठ दिवस त्यांनी मला हातच लावला नाही, लांबूनच बघायचे. मग एक दिवस माउस धरला, दोनदा फिरवला आणि म्हणाले, "पटाशीच आहे की, फक्त धार नाही." झालं, तिथून आमची जोडी जमली.

काम असं चालायचं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ताई बसतात. त्या मुलांची मापं घेतात आणि डिझाईनच्या प्रोग्राममध्ये खुर्ची काढतात. ती फाईल पेनड्राइव्हवर घालून खाली पाठवतात. तोच प्रोग्राम माझ्यातही. मी फाईल उघडतो, मिस्त्री खुर्ची गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघतात, एकेक माप तपासतात आणि मग मी मशीनला सांगतो, इथं काप, इथं भोक पाड. दोनशेच्या वर खुर्च्या केल्या आम्ही अशा. पाहुणे यायचे दवाखाना बघायला. एकानं तर माझ्या डोक्यावर थोपटलं होतं, बैलाला थोपटावं तसं. मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग ताईंना नवा कॉम्प्युटर मिळाला आणि प्रोग्रामचं नवं व्हर्जन. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, मित्रांनो. नव्या व्हर्जनला जुन्या फाईली उघडतात. जुन्याला नव्या उघडत नाहीत. आजोबांचं अक्षर नातवाला लागतं आणि नातवाचं आजोबांना लागत नाही, तसला प्रकार. ते नवं व्हर्जन माझ्यात घालावं म्हटलं तर माझी ताकद नाही. ताईंच्या हे ध्यानातच आलं नाही. त्यांच्याकडं सगळं उघडत होतं ना.

त्या नव्या व्हर्जनमधून आलेली पहिली फाईल भिंगरीची होती.

भिंगरी म्हणजे नऊ वर्षांची पोर. खुर्ची जागच्या जागी इतकी गरागरा फिरवते की तिच्या मामानंच हे नाव पाडलं. कमरेखाली तिला काही कळत नाही, गरम की गार, टोचलं की नाही. गेल्या वर्षी तिची एक खुर्ची आम्हीच केली होती. ह्या वर्षी तिच्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं, दोन महिने प्लास्टर होतं, त्यात पोर उंचही झाली. जुनी खुर्ची पुरेना. शाळा सुरू व्हायला बारा दिवस होते.

मिस्त्रींनी पेनड्राइव्ह लावला, फाईलवर दोनदा टिचकी मारली. मी उघडायला गेलो आणि अडलो. माझ्याकडं अशा वेळी दाखवायला एकच पाटी आहे, ती दाखवली. इंग्रजीत असते ती. अर्थ इतकाच, की ही फाईल माझ्यापेक्षा नव्या व्हर्जनमध्ये केलीय, मला उघडता येत नाही. मिस्त्रींनी पाटी घालवली. परत टिचकी. परत पाटी. असं सहादा.

आता तुम्ही म्हणाल, समोर तर ताई बसतात, रस्ता ओलांडून जायचं आणि सांगायचं. मीही तेच म्हणत होतो, पण मला म्हणायला तोंड कुठाय. आणि मिस्त्रींच्या मनात काय होतं तेही मला माहीत होतं. त्याच आठवड्यात दवाखान्याचे मोठे साहेब दारात उभे राहून बोलून गेले होते, "मिस्त्री, तुमचं सामान फार जुनं झालंय. खुर्च्या बाहेरून करून घ्याव्यात असा विचार आहे." बसलेही नाहीत, उभ्या उभ्या बोलले. मिस्त्रींनी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. अशात वर जाऊन फाईल उघडत नाही म्हणायचं, म्हणजे आपल्या हातानं वर्कशॉपला कुलूप लावायचं, असं त्यांना वाटलं.

म्हणून त्यांनी जे केलं ते ऐका. हुशारी होती त्यात, हाच तर घोळ आहे.

फाईल उघडली नाही तरी तिचं एक चित्र दिसतं. फाईल निवडायच्या खिडकीत, उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढं. मिस्त्रींनी चष्मा पुसला, खिशातली पोलादी पट्टी काढली आणि थेट माझ्या काचेवर टेकवली. खुर्चीची चाकं आम्ही विकत आणतो, ती सगळ्यांना एकाच मापाची. म्हणजे चित्रातलं चाक एवढं, तर खरं चाक तेवढं, त्या हिशेबानं बाकीचं काढायचं. मग भिंगरीची गेल्या वर्षीची फाईल उघडली, ती माझ्याच पोटात होती, आणि चित्राबरहुकूम तिच्यात एकेक माप बदलत गेले. पाठ उंच केली. बैठक लांब केली. पायाची पेटी, म्हणजे पाऊल ठेवायचा खोका, बैठकीपासून एकतीस सेंटीमीटर खाली घेतली. आणि उजवी बाजू जवळजवळ बिनचूक आली, मित्रांनो. तुमच्यातल्या कुणीही काडेपेटीवरून काढून दाखवावं.

पण ते चित्र उजव्या बाजूनं काढलेलं होतं. डावी पेटी उजवीच्या आड होती.

गेल्या वर्षीच्या फाईलमध्ये डावी पेटी ताईंनी वेगळी काढलीच नव्हती. उजवी काढून तिची आरशातल्यासारखी नक्कल केली होती, कारण तेव्हा दोन्ही पाय सारखे होते. त्यामुळं मिस्त्रींनी उजवी हलवली की डावी आपोआप हलत होती. मी हलवत होतो. माझं कामच ते. ऑपरेशननंतर भिंगरीचा डावा पाय तीन सेंटीमीटर आखूड झालाय आणि पाऊल थोडं बाहेर वळलंय, ते सगळं त्या बंद फाईलमध्ये होतं. माझ्याच पेनड्राइव्हमध्ये, माझ्या बोटभर अंतरावर.

चार दिवसांत खुर्ची झाली. ती बसवून बघायच्या दिवशी एरवी ताई हजर असतात, पण त्यांच्या घरी आजारपण होतं. मामा भिंगरीला घेऊन आला. तो टेम्पो चालवतो, दारातूनच आवाज देतो.

"काय मिस्त्री, तुमच्या ह्या डब्याला अजून दमा आहेच का?"

"आहे. तुमच्या टेम्पोपेक्षा बरा आहे."

भिंगरी बसली, दोन गिरक्या मारल्या. "मस्त पळते," म्हणाली. मिस्त्री खाली उकिडवे बसले आणि पायाकडं बघत राहिले. डावा बूट पेटीला टेकत नव्हता, अधांतरी होता.

"पाय खाली घे बेटा."

"घेतलाय की."

मिस्त्रींनी बोटानं बुटाचा तळ चाचपला. मी बघत होतो. त्यांना शंका आली होती. पण मग म्हणाले, "बुटाचा तळ झिजलाय. नवे बूट घेतले की बसेल बरोबर." मामानं मान डोलावली. मिस्त्री एवढं म्हणताहेत म्हटल्यावर तो कशाला संशय घेईल.

शाळा सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि मामा रिकामी खुर्ची टेम्पोत घालून परत आला. एकटाच. दारातून आवाज दिला नाही.

"मिस्त्री, पोरीच्या मांडीखाली जखम झालीय. काळी पडलीय. तिला तर कळतच नाही तिथं. आंघोळ घालताना तिच्या आईला दिसली."

पाय अधांतरी राहिला की त्याचं सगळं ओझं बैठकीच्या कडेवर येतं. सहा सहा तास ती कड मांडीत रुतत होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मिस्त्रींनी विचारलं.

"तीन आठवडे पालथं झोपायचं. बसायचं नाही. शाळा बंद." मामा खाली बघत होता. "ती म्हणते, खुर्ची परत देऊ नका मामा, चांगली आहे. तुमचं नाव घेते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींचं तोंड झालं.

तेवढ्यात ताई धावत आल्या, त्यांना वर कळलं होतं. आल्या त्या सरळ खुर्चीपाशी बसल्या आणि टेप लावला. उजवी पेटी मोजली, डावी मोजली, परत डावी मोजली.

"काका, ही अठ्ठावीसला हवी होती. आणि पाऊल वळवलेलं होतं. माझी फाईल नीट उघडली होती ना?"

  मिस्त्रींनी नुसतं हो म्हटलं असतं तर ताईंनी स्वतःलाच दोष दिला असता, त्यांचा स्वभाव तसा आहे. मी माझ्याकडून पंखा जोरात फिरवला, दुसरं काय करणार.

"उघडलीच नाही," मिस्त्री म्हणाले. "गेल्या वर्षीच्या फाईलवरून केली. चित्र बघून."

"कसलं चित्र?"

त्यांनी माझ्या काचेवरचा कोपरा दाखवला. ताई त्या काडेपेटीकडं बघत राहिल्या, मग मिस्त्रींच्या खिशातल्या पट्टीकडं.

"काका, वर येऊन सांगायचं होतं हो. एक जिना तर आहे."

"जिना नव्हता आड आला."

मामा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही एवढे घाबरलात? आमच्या पोरीपेक्षा जास्त?" आणि निघून गेला.

ताई जागेवरून उठल्या नाहीत. "चूक माझीही आहे," म्हणाल्या. "खाली काय उघडतं आणि काय नाही, हे मी एकदाही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईल मधल्या भाषेत करून आणली. म्हणजे कुठलाही प्रोग्राम, नवा असो की जुना, उघडू शकेल अशी. ती मला उघडली. पण नुसता ठोकळा उघडला. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठलं माप कशावर अवलंबून, काही कळत नव्हतं. मिस्त्रींनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, "ताई, ह्यात काय काय आलं नाही ते सांगा." मग ताई वर गेल्या, फोन लावला, त्या वरून एकेक माप वाचत होत्या आणि मिस्त्री माझ्यावर तेच माप घेऊन "आहे", "आहे" म्हणत होते. बैठकीच्या कडेला जाड फोम लावायची सूचना ठोकळ्यात आलीच नव्हती. ती मिस्त्रींनी खडूनं फळीवर लिहून घेतली. दोघांचा अर्धा दिवस गेला. तीन सेंटीमीटरसाठी एवढा वेळ आम्ही आजवर घातला नव्हता.

साहेबांना जाऊन मिस्त्रींनी स्वतःच सगळं सांगितलं. साहेब बघू म्हणाले. अजून बघताहेतच. माझं काय होणार, वर्कशॉपचं काय होणार, मला ठाऊक नाही.

भिंगरी बरी व्हायला तीनऐवजी पाच आठवडे लागले. नव्या पेट्या बसवायला आली तेव्हा जरा वाळली होती. गिरकी मारली नाही. मिस्त्री तिच्यापुढं उकिडवे बसले, दोन्ही पायांखालून कागद सरकवून बघितला, कुठं फट नाही ना. मग म्हणाले, "बेटा, तुला लागलं ते माझ्यामुळं. खुर्ची उघडत नव्हती आणि मी कुणाला बोललो नाही."

"म्हणजे कशी उघडत नव्हती?"

मिस्त्री उठले आणि ती न उघडणारी फाईल त्यांनी माझ्यावर परत लावली. मी पाटी दाखवली. भिंगरी खुर्ची पुढं घेऊन आली, शाळेतलं इंग्रजी जुळवत जुळवत तिनं ती वाचली. वाचून झाल्यावर खालच्या बटणावर बोट ठेवलं.

"इथं तर 'ओके', म्हणजे 'ठीक आहे', एवढंच बटण आहे."

"हो ना. दुसरं बटणच नाही त्याला."

"पण ठीक कुठं होतं, काका?"

मिस्त्रींनी ती पाटी घालवली. मामा दारात उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

मित्रांनो, नऊ वर्षांत तसल्या बटणाच्या पाट्या मी कितीदा दाखवल्या असतील. ते बटण मला बनवणाऱ्यांनी दिलं, मी मागितलं नव्हतं. मला एवढंच येतं. मी खोटं बोलत नाही, पण ओरडूही शकत नाही. तुम्ही ओरडू शकता. तुमच्यापुढं कधी असं काही आलं, जे तुम्हाला उघडत नाही, फाईल असो, गणित असो, काहीही असो, तर अंदाजानं पुढं जाऊ नका. हाक मारा. आणि तुम्ही कुणाला काही पाठवत असाल, तर एकदा विचारा बाबांनो, की तुमच्याकडं हे उघडेल ना.

बाकी माझ्या पंख्यातला भुसा काढलात तर उपकार होतील, पण त्याची घाई नाही.