डाव्या गालातल्या चुका

क्रीम रंगाच्या कापडावर एक लाल ठिपका. खसखशीएवढा.

पलंगावर दोन उश्या. एक डोक्याकडे, एक पायाकडे.

सफरचंद आता फोडी करून. पूर्वी अख्खं, कराकरा.

"शीळ का हो बंद केलीत?"
"कंटाळा आला."

डाव्या गालात मूठभर चुका.

आता चूक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. चपट्या डोक्याचा बारीक खिळा. सोफ्या-खुर्च्यांवर कापड चढवणारा कारागीर चुका तोंडातच धरतो. जिभेने एकेक फिरवायची, खालच्या पुढच्या दातांवर टेकवायची, हातोडीच्या लोहचुंबकाने उचलायची आणि ठोकायची. एक हात कापड ताणायला, दुसरा हातोडीला. तिसरा हात म्हणजे तोंड. आपल्या कारागिराचा हा तिसरा हात इतका सफाईदार, की गिऱ्हाइकं त्याला चुकेकाकाच म्हणत. बायको त्याच खोलीत मशीनवर खोळी शिवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "ह्यांच्या तोंडात चुका असल्या की मी भांडून घेते. उलट उत्तर देता येत नाही ना."

तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. मनात आलं की ओठांवर.

थुंकीत पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा दोघं एकदमच म्हणाली, "चूक लागली असेल." आणि तेच पक्कं झालं. हिरडी सुजली, चूक लागली. लाल झाली, चूक लागली. ब्रश फिरवला की रक्त यायचं, म्हणून जखम चिघळू नये यासाठी त्याने तिथे ब्रश फिरवणंच सोडलं. बोटाने मीठ चोळायचा. दात लांब दिसायला लागले. "घोड्याचे पण होतात म्हातारपणी," तो म्हणाला. ती हसली. तो हसला नाही, कारण खालचा पुढचा दात जिभेने ढकलला की सैल बिजागरीच्या दारासारखा हलत होता. हे त्याने कुणाजवळ काढलं नाही; शीळ तेवढी बंद केली आणि सफरचंद फोडी करून खायला लागला. तो दात गेला तर चूक टेकवायची कशावर? चिमटीने एकेक चूक उचलत बसला, तर दिवसाला एक खुर्चीसुद्धा व्हायची नाही. आणि चुकेकाकाला चुका धरता येत नाहीत, ही बातमी बाजारात पोचायला कितीसा वेळ लागतो.

मग तो ठिपका पडला. गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कापडावर, तो चूक ओठाशी आणत असताना. बायकोने गार पाण्याने पुसलं, साबण लावला, पुन्हा पुसलं. डाग फिका झाला, गेला नाही.

"उद्या दातांच्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. "आणि तिथे शहाणपणा नको."

डॉक्टरीण तरुण होती. तिने आरसा आत घातला, बारीक सळईने दातांच्या मुळाशी टोचून पाहिलं. रक्त आलं.

"चुकांमुळे होतं," त्याने आधीच सांगून टाकलं.

"कुठल्या गालात धरता, काका?"

"डाव्या. कायम डाव्या."

"मग उजवीकडे जास्त रक्त का येतंय?"

खुर्चीत त्याची दातखिळी बसली. तोंड उघडं असून.

हा पायोरिया आहे, ती म्हणाली. दाताच्या मुळाशी घाण साचते, तिचं दगडासारखं कीटण होतं, हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो आणि खालचं हाड झिजत जातं. दुखत नाही म्हणून माणूस बसून राहतो. "रक्त येतं तिथेच घासायचं होतं, काका. हळू, मऊ ब्रशने. तुम्ही नेमकं तेच सोडलंत. आणि रक्तातली साखर तपासून या, तिच्यानेही हिरड्या बिघडतात."

"हा दात राहील?"

"कीटण हिरडीच्या खालून खरवडून काढते. हिरडी घट्ट होईल, रक्त थांबेल. हाड गेलं ते परत येत नाही. ह्या दाताचं आत्ता नाही सांगता येत."

हिरडी बधिर करून तिने एकेक बाजू खरवडली. आवाज त्याच्या कवटीत घुमला, जुन्या खुर्चीतल्या गंजक्या चुका उपटताना होतो तसा. हलणारा दात तिने बारीक तारेने शेजाऱ्यांना बांधला. तो घरी दातांच्या फटींतून चिमुकला ब्रश फिरवायला शिकला. रक्त कमी झालं, मग थांबलं. हिरडी गुलाबी झाली. दात मात्र तारेतही हलतच राहिला, आणि शेवटी डॉक्टरणीने तो काढला. फारसा जोर लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सवयीने चूक जिभेवर घेतली. ती फटीतून निसटून जमिनीवर टिणकन पडली. मशीन थांबलं.

"तुला माझ्या तोंडाचा वास यायचा ना?" त्याने विचारलं. "म्हणून उशी तिकडे नेलीस."

"पायाकडे वारा लागतो."

"वास यायचा ना?" त्याने पुन्हा विचारलं.

"लोखंडाचा वाटायचा," ती म्हणाली. "चुकांचा. म्हटलं, धंदाच तसला, कशाला बोलायचं." तिने मशीनमधला दोरा उगाचच पुन्हा ओवला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्याने खाली वाकून चूक शोधली, तोंडात न टाकता वाटीत ठेवली आणि चिमटीने दुसरी उचलली.

ज्या वर्षी तिने उशी फिरवली, त्या वर्षी तो दात घट्ट होता.