हिरव्या कडेचे डाग

"ओढ. नुसतं धरून काय बसलीस, ओढ की," मावशी म्हणाली.

मी पिवळ्या डागाच्या मधोमध मूठभर गवत धरलं आणि ओढलं. पाती तुटून हातात आली, मुळं जागेवरच राहिली. मुळं कुरतडणाऱ्या अळ्या असत्या, तर सतरंजीची कड उचलावी तसं गवत अलगद वर आलं असतं. तरी खात्री म्हणून खुरप्यानं एक चौकोन कापून उलटा केला. खाली एक गांडूळ होतं. झोपमोड झाल्यासारखं ते वळवळत आत निघून गेलं.

"अळी नाही," मी म्हणाले.

"मी म्हटलंच होतं," पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेले काका म्हणाले. "कुत्रा आहे."

"कालपर्यंत तुम्ही अळी म्हणत होतात," मावशी म्हणाली.

"काल हिनं खणून बघितलं नव्हतं. आता अळी बाद झाली. उरला कुत्रा."

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. एक एक भाग बाद करत दोषापर्यंत जायचं, ही त्यांची पद्धत माझ्या पद्धतीसारखीच होती. फरक एवढाच, की त्यांना मधल्या पायऱ्या गाळायची घाई असायची.

मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. "एवढी शिकली आणि शेवटी मातीत गेली," हा आमच्या घरातला विनोद मावशीनंच सुरू केला होता. त्याच मावशीनं परवा फोन करून सांगितलं, "पेशंट आहे गं. येऊन बघून जा. आणि राहायच्या तयारीनं ये."

पेशंट म्हणजे घरापुढचं लॉन. दोन खोल्यांएवढं असेल. मावशीनं ते स्वतः लावलं, स्वतः वाढवलं. दवाखान्यातून आली की चपला काढून आधी त्यावर उभी राहायची, मग घरात. दिवसभर ती लसीकरणाच्या खोलीत असे. तिचा हात इतका हलका, की सुई टोचून झाली तरी पोर आईच्या कानातल्या डुलाशी खेळतच असायचं. बाया बाहेर बाकावर विचारायच्या, "आज मोठ्या सिस्टर आहेत ना?" नसल्या तर काही जणी उद्या येतो म्हणून परत जायच्या. मावशी वरवर चिडायची. "लस तीच, बाटली तीच, यांना माझंच काय कौतुक," असं म्हणायची, आणि ते सांगताना तिचा चेहरा मात्र खुललेला असायचा.

आदल्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा ती वैतागलेली होती. नव्या सुया वाईट आल्या आहेत, हल्ली पोरं फार रडतात, असं तिनं जेवताना सांगितलं. काका म्हणाले, "हल्लीची पोरंच नाजूक." विषय तिथंच संपला होता.

सकाळी दव असतानाच मी लॉनवर वाकून पाहिलं. बुरशी असती तर दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले असते, पात्यांवर ठिपके असते. तसं काही नव्हतं. काकांचा लांब स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि जमिनीत दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला, म्हणजे जमीन घट्ट झाली नव्हती. साबणाचं पाणी ओतून थांबले. पात्यांच्या बुडाशी लपणारे किडे त्यानं गुदमरून वर येतात. एक मुंगी तेवढी वर आली आणि रागारागानं निघून गेली. पात्यांची टोकं भिंगातून पाहिली. कापणी स्वच्छ होती, टोकं फाटलेली नव्हती.

"गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला मी धार लावून देतो," काका म्हणाले. "तिथं बोट दाखवायला जागा नाही."

"कोणी दाखवलं?" मावशी म्हणाली. "घाबरता कशाला?"

मग मी डागाची कड पाहिली. मध्ये गवत वाळून पिवळं झालेलं आणि त्याभोवती बोटभर रुंद, गर्द हिरवी कड. बाकीच्या लॉनपेक्षाही हिरवी. हे पाहून मला बरं वाटलं. अशी कड नत्राची खूण असते. मधोमध नत्र इतकं जास्त पडतं की गवत जळतं. कडेला तेच बेताचं पोचतं, आणि तिथलं गवत तरारून उठतं.

"नत्र म्हणजे?" काकांनी विचारलं.

"युरियात असतं. आणि कुत्र्याच्या मुतातही असतं."

काका कप खाली ठेवून उठले. कुंपणापलीकडे शेजारचे मास्तर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांच्या पायाशी त्यांचा म्हातारा कुत्रा पसरला होता.

"मास्तर, तपास पूर्ण झाला," काका म्हणाले. "आरोपी तुमच्याकडे आहे."

मास्तरांनी चष्मा वर केला. "पुरावा?"

"शास्त्रीय आहे."

"अहो, हा नर आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "आयुष्यात कधी सपाटीवर बसून केलं नाही यानं. तंगडी वर करायला त्याला खांब लागतो, भिंत लागते, तुमच्या स्कूटरचं चाक लागतं. लॉनच्या मध्ये तो काय धरून उभा राहणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान डोलवावी लागली. मास्तरांचं बरोबर होतं.

"स्कूटरचं चाक लागतं हे मात्र आज कळलं," काका म्हणाले आणि आत गेले.

कुत्राही बाद झाला. मी वरच्या मजल्यावर जाऊन जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं. खाली उभं राहून न दिसलेली गोष्ट तिथून लगेच दिसली. डाग विखुरलेले नव्हते. फाटकापासून भिंतीपर्यंत एक रांग, भिंतीपासून परत फाटकापर्यंत दुसरी. दोन डागांमध्ये माणसाच्या एका पावलाचं अंतर. मधूनमधून काही पुसट, लहान डाग होते. ते मागच्या खेपेचे असणार. या खेपेचे मोठे आणि ठसठशीत.

मी खाली आले. "मावशी, युरिया कोण टाकतं?"

"मी. दुसरं कोण टाकणार? यांच्या हातात दिला तर हे एकाच जागी ओतून वर झाकण लावतील."

"कसा टाकतेस?"

"मुठीनं. चालत चालत. आजवर कधी डाग पडला का?"

"दाखवशील? युरिया नको. जाडं मीठ आण, आणि एखादी गडद चादर."

मला तेव्हा वाटलं होतं, युरियाचे खडे दमट होऊन एकमेकांना चिकटले असतील. तसं झालं की गोळा पडतो. मीठ सुटं होतं. सुटं मीठ नीट पसरलं असतं, तर दोष युरियाच्या पोत्याचा ठरला असता, आणि मला तेच सिद्ध करायचं होतं.

काकांनी निळी चादर लॉनवर अंथरली. मावशीनं डाव्या हातात वाडगा धरला, उजव्या हातानं मूठ भरली आणि सवयीनं चालत निघाली. एक पाऊल, हाताचा एक झोका. दाणे झोक्याबरोबर बोटांमधून सुटत जायला हवेत, पंख्यासारखे. तिचा हात डावीकडून उजवीकडे आला, पण मूठ मिटलेलीच राहिली. झोका संपत आला तेव्हा कुठं बोटं उघडली. उजव्या बाजूला मिठाची एक छोटी ढेरी पडली. पुढच्या पावलाला पुन्हा तसंच. पुन्हा ढेरी.

चादरीच्या टोकाशी पोचून ती वळली आणि खाली पाहिलं. निळ्या चादरीवर पांढऱ्या ढेऱ्यांची एक सरळ रांग होती.

"वारा आहे," काका म्हणाले.

झाडाचं पानही हलत नव्हतं. मावशीनं मीठ परत वाडग्यात ओतलं, चादर पुन्हा अंथरली. या वेळी वाडगा उजव्या हातात घेतला आणि डाव्या हातानं मीठ फेकत आली. सवय नसल्यामुळे पावलं चुकत होती, पण मीठ रांगोळीच्या चाळणीतून सुटल्यासारखं सगळीकडे पडलं. मग तिनं परत उजव्या हातानं फेकलं. परत रांग.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "खांदा आखडला असेल. शीर दबली असेल. बरीच कारणं असतात, मावशी."

तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती पायरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि अंगठ्यावर तर्जनी आपटू लागली. दोन्ही हात एकदम. डावी बोटं भराभर चालली. उजवी थोडी चालली, मंदावली, मग मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली. कंपवाताचा संशय आला की डॉक्टर पेशंटकडून असंच करून घेतात, आणि ती कित्येकदा तिथं शेजारी उभी राहिली असणार. स्वतःच्या हाताकडेही ती तशीच पाहत होती, चार्टवर काय लिहायचं ते ठरवत असल्यासारखी.

"म्हणजे सुया चांगल्याच होत्या," ती म्हणाली.

काका तिच्या शेजारी येऊन बसले.

"डॉक्टरना दाखवू," ते म्हणाले. "गोळ्या देतील. तोवर कुणाला सांगायची काय गरज आहे? तू आधीच घाई करू नकोस."

"घाई कुठली? दोन महिने झाले पोरं रडतायत." तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिनं गवताचं एक एक कारण तपासलं. तसंच माझंही तपासतील. खांदा निघेल, शीर निघेल, नाहीतर ते दुसरं निघेल. जे निघेल ते बघू. पण तपास होईपर्यंत दुसऱ्याच्या लेकराच्या मांडीवर प्रयोग कशाला?"

"तुझी नोकरी आहे ती."

"नोकरी राहील हो. सुई जाईल."

हे तिनं भाजी संपली म्हणावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. मग तिथूनच फोन लावला. पलीकडे मेट्रन, म्हणजे दवाखान्यातल्या मुख्य नर्स होत्या.

"मॅडम, उद्यापासून मला सुईवर ठेवू नका... नाही, कुणी तक्रार केली नाही. मीच करतेय, माझ्याविरुद्ध." ती जराशी हसली. "हात तपासून घ्यायचाय. त्या नव्या मुलीला बसवा, तिला भीती वाटते पण शिकेल. मी शेजारी राहते. पोरं धरायला कुणीतरी लागतंच."

फोन ठेवून ती उठली. "चला. पेशंटचं काय करायचं ते सांग. का नुसतंच निदान करून जाणार?"

दुपारपर्यंत आम्ही कामाला लागलो. पहिलं पाणी, भरपूर आणि सावकाश, म्हणजे जास्तीचं नत्र मुळांच्या खाली वाहून जातं. मग पूर्ण वाळलेलं गवत दाताळ्यानं ओढून काढलं. भिंतीकडचं दाट गवत मुळासकट छोट्या छोट्या चौकोनांत कापलं आणि मोकळ्या जागी बसवून पायानं दाबलं. पुढच्या खेपेपासून युरिया पाण्यात विरघळवून झारीनं द्यायचा, तोही पाऊण माप, असं मी सांगितलं. काकांनी झारी धरायचं कबूल केलं. मावशी डाव्या हातानं चौकोन बसवत होती आणि काका वाकडा बसला की सांगत होते, आणि ती त्यांना गप्प बसायला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर मी दवाखान्यात गेले. तिच्या हाताच्या तपासणीची वेळ दुपारची होती, पण ती रोजच्याच वेळेला निघाली. बाकावर बाया बसल्या होत्या. एकीनं तिला पाहताच बाळाला कडेवर घेतलं आणि पुढं आली. थोरल्याच्या वेळीही तुम्हीच दिली होती, म्हणाली.

"आज ही देईल," मावशी म्हणाली. "मी धरते त्याला."

"तुम्हीच द्या ना, सिस्टर. तुमचा हात हलका."

"हिचाही होईल. आण इकडे."

बाईचा चेहरा पडला, पण तिनं बाळ दिलं. नवी नर्स खोलीच्या मध्ये उभी होती, हातमोजे घातलेले, ओठ घट्ट मिटलेले. ती स्टुलावर बसली. स्टूल मावशीच्या उंचीचं होतं, मुलीचे पाय जमिनीला टेकेनात. पाय हवेत ठेवूनच ती सुई भरू लागली.

"थांब. ऊठ," मावशी म्हणाली.

मुलगी घाबरून उठली. मावशीनं बाळ माझ्याकडे दिलं, खाली वाकली आणि डाव्या हातानं स्टुलाची गोल बैठक फिरवू लागली. बरीच वर्षं कुणी ती हलवली नव्हती. आटे कुरकुरले, मग सुटले. बैठक एक एक वेढा खाली येत गेली. मध्येच थांबून तिनं मुलीच्या गुडघ्यांकडे नजर टाकली आणि आणखी एक वेढा दिला.

"आता बस. टेकले पाय?"

"टेकले."

"पाय टेकले की हात थरथरत नाही," मावशी म्हणाली आणि बाळाला घ्यायला माझ्याकडे वळली.