पेत्राचा कबुलीजबाब

मनिलाजवळच्या आमच्या तुरुंगात सगळे निर्दोष. चार हजार माणसं, पण एकानंही काही केलेलं नाही. तरी पवित्र आठवड्यात येशूच्या छळाचं नाटक बसतं, तेव्हा यहूदाच्या भूमिकेला माणूस मिळत नाही. सासऱ्याला कोयत्यानं तोडणारा गडी म्हणतो, भेटीला आई येते, तिच्यादेखत दगाबाज कसा होऊ? येशू व्हायला मात्र दरोडेखोरांत मारामारी होते.

यंदा ती झाली नाही. आमच्या कोठडीच्या म्होरक्याला आम्ही मेयर म्हणतो. त्यानं परस्पर तेर्योला येशू करून टाकलं. पंधरा दिवस अंधारकोठडीत काढून तेर्यो असा वाळला होता की त्याला रंगवायची गरजच नव्हती. मला मिळाला पेत्र, आपल्या गुरूला ओळखत नाही असं तीनदा सांगणारा. "तुला जमेल, सेल्मो," मेयर म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं.

सगळं म्हणजे एवढंच. फेब्रुवारीत झडती झाली आणि मी आणि तेर्यो झोपतो त्या फळीखाली फोन सापडला. फोन माझा. शिपायानं विचारलं, कुणाचा? तेर्यो म्हणाला, माझा. मे महिन्यात सुटणार होता तो. चांगल्या वर्तणुकीची सूट गेली आणि वर्ष वाढलं. मी आपला भात आणि सुकी मासळी खात राहिलो. सहा वर्षं ज्याच्या कुशीत झोपलो, ज्याच्यावाचून पहिल्याच वर्षी मेलो असतो, त्याच्यासाठी माझ्या तोंडून दोन अक्षरं निघाली नाहीत.

गुड फ्रायडेला मैदान भरलं. पुढे वॉर्डनसाहेब, त्यांच्या बाई, पाद्री, मागे कैद्यांचं गणगोत. तेर्यो दोरखंडानं बांधलेला. मी दोनदा बिनचूक म्हणालो की या माणसाला ओळखत नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. सरळ वॉर्डनकडे वळून सांगितलं, फोन माझा होता, याचा काही दोष नाही, याला सोडा.

"गप बस, लेका," तेर्यो दातओठ खात पुटपुटला. मी थांबेना, तेव्हा येशूनंच खणखणीत आवाजात जाहीर केलं की पेत्रा, तुझी सगळी पापं मी पदरात घेतली, आणि खांद्यानं ढकलून मला खाली बसवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. वॉर्डनच्या बाईंनी डोळे पुसले. पाद्री म्हणाले, आजच्या काळाशी फार छान सांगड घातली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डननी कचेरीत बोलावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ते हसले, भूमिका अजून अंगातून उतरली नाही वाटतं म्हणाले, आणि शिक्षेत सहा महिन्यांची सूट बक्षीस म्हणून माझ्या नावावर लिहून मोकळे झाले. खोटं बोललो असतो तर निदान संशय तरी घेतला असता.

मला वाटलं, हे ऐकून तेर्यो हसेल. तो भडकला.

"मी सुटायला रडत होतो का? तुझं अजून वर्ष राहिलं होतं. फोन सापडला तेव्हा म्हटलं, बरं झालं, आपणही वर्षभर राहू, दोघं बरोबरच बाहेर पडू. आता तू नोव्हेंबरात चाललास."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू विचारलंस का? दोन महिने तोंड लपवत फिरलास. तुला फक्त स्वतःचं मन हलकं करायचं होतं."

लागलं मला ते, कारण खरं होतं. दोन महिने मी माझं पाप कुरवाळत बसलो आणि शेजारच्या माणसाकडे वळून पाहिलं नाही. वर त्याला संत ठरवलं. तो तर माझ्याइतकाच हावरट निघाला, फक्त माझ्यासाठी. माझ्यावर इतकं प्रेम आजवर कुणी केलं नव्हतं.

पुढच्या झडतीला मी मेयरचा एक जुना फोन मागून घेतला आणि अर्धा बाहेर दिसेल असा खिशात खोचून रांगेत उभा राहिलो. वॉर्डन जातीनं आले होते. शिपाई बिचारा पाहून न पाहिल्यासारखं करत पुढे गेला. साहेबांच्या लाडक्या नटाला हात कोण लावणार? शेवटी मीच खोकलो.

"हा कुणाचा?" वॉर्डननी विचारलं.

"माझा."

"आज नाटक नाही, सेल्मो."

"नाही साहेब. म्हणूनच सांगतोय."

साहेबांचा चेहरा पडला. लाडका नट म्हणून वर्ष वाढवलं नाही, पण बक्षीस तिथल्या तिथे रद्द झालं, वर पंधरा दिवस अंधारकोठडी. शिपाई मला घेऊन निघाला तेव्हा तेर्यो रांग मोडून पुढे आला.

"गाढवा, तिथे डास फार आहेत," तो म्हणाला आणि अंगातला सदरा काढून त्यानं माझ्या खांद्यावर टाकला.