उशाशी आणि गाडीत

"तुले शिळं मिळस," अभिमन आबा मोटारीतून ओरडले.

"शिळी भाकर गोड लागस," ओसरीतल्या खाटेवरून ताईबाईंनी ठणकावलं.

धरणगावजवळच्या त्या घरात नवराबायकोचा हा तंटा रोज संध्याकाळचा. त्यांची लेक ज्योती जळगावहून रेडिओवर अहिराणीतून कार्यक्रम करायची, तोही थेट. पुतण्या योगेंद्रच्या नव्या मोटारीत डिजिटल रेडिओ होता, म्हणून आबा दारातल्या त्या मोटारीत जाऊन बसायचे. ताईबाईंना खाटेवरून उठवत नव्हतं. त्या उशाशी फोन ठेवून इंटरनेटवर ऐकायच्या. तिथं तेच बोलणं मिनिटभर मागून यायचं. आबांचं म्हणणं, गाडीत पोरीचा आवाज भरदार येतो, शब्दाआधीचा श्वाससुद्धा कळतो. फोनवर ती डब्यात तोंड घालून बोलतेय असं वाटतं. ताईबाई म्हणायच्या, गाडीतला आवाज मध्येच पार मुका होतो, माझी पोर कानाशी बसून बोलते. दोघंही पक्के हट्टी, आणि खरं सांगायचं तर दोघंही खरे.

एका सोमवारी कार्यक्रम रंगात आला असताना ताईबाई गेल्या. योगेंद्रच्या हाकेसरशी आबा आत आले, त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. योगेंद्र ज्योतीला कळवायला निघाला, तर आबांनी त्याचं मनगट धरलं. पोर बोलतेय, मायनेच शिकवलेलं बोलतेय, तिला अर्ध्यावर उठवायचं नाही. आणि लेकीला कळल्याशिवाय घरात कुणी गळा काढायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. धावून आलेल्या शेजारणींनी तोंडात पदर कोंबले. काय काळीज म्हणावं त्या माणसाचं! स्वतः आतून फाटत होता आणि अख्खं घर धरून उभा होता.

गाडीतला कार्यक्रम संपला. आता ज्योतीला फोन लावू का, असं योगेंद्रने विचारलं. उशाशी मात्र ज्योती अजून बोलत होती.

"थांब," आबा म्हणाले. "हिनं ऐकनं बाकी शे."

सगळे तसेच उभे राहिले. ज्योतीने ऐकणाऱ्यांना रामराम घातला, फोन गप्प झाला. मग आबांनी तोच उचलून लेकीला लावला.

आईचं नाव पाहून तिने लगेच घेतला. "बोल माय. कसा उना आज आवाज?"

आबा खाटेच्या कडेला टेकले.

"फोनमाच चांगला उना, बेटा. तुनी मायनंच खरं व्हतं."

मग त्यांनी तिला सांगितलं.