मुरूडचा वारा कोल्हारात

कचरूची बायको लंका शिमग्याआधी कोल्हारला माहेरी गेली ती परत आलीच नाही. भांडण साधं होतं. कचरूनं तीन वर्षं मुरूडच्या धक्क्यावर खलाशांच्या भाकरी थापल्या आणि आपल्या गावी पुणतांब्याला परत येताना एक रेडिओ आणला. त्यावर कोळ्यांसाठी वाऱ्याचा अंदाज लागला की घरात कुणी बोलायचं नाही. गोदावरीत गावाची एकच होडी, तीही पालथी. समुद्र खवळला म्हणून आपण गप्प का बसायचं, हे लंकेला काही पटलं नाही.

एकाहत्तरच्या मार्चात तो तिला न्यायला गेला, तेव्हा सासरे रंभाजी खळ्यावर कपाळाला हात लावून बसलेले. मळणी झालेली, गहू उपणायचा, आणि आठ दिवस वाऱ्याचा पत्ता नाही. वाऱ्याबिगर भूस उडणार कसं?

"जावईबापू, तुमी वाऱ्यातलं लई जानता म्हनं," रंभाजी म्हणाले. "मग सांगा कवा येतो. माझा गहू साफ झाला की पोरगी घिऊन जा. न्हाई झाला तर ती आखाडापतुर हितंच."

कचरूनं सोबत आणलेला रेडिओ कानाला लावला. मुरूडला पश्चिमेचे जोरदार वारे, कोळ्यांनी समुद्रात जाऊ नये. त्यानं बोटांवर हिशेब केला. किनाऱ्यावरून घाटापर्यंत इतके तास, घाट चढायला इतके, वर एक तास दम खायला.

"दम कुनी खायचा?" सासू गोजरबाईनं विचारलं.

"वाऱ्यानं. घाट काय थोडा हाय का? उद्या दुपारी तीन."

दुसऱ्या दिवशी तीनला रंभाजी तीन पायांच्या उंच वावडीवर चढून भरलं सूप घेऊन उभे. साडेतीन झाले. चार झाले. त्यांच्या धोतराचा सोगासुद्धा हलेना.

"घाटात अडाकला आसंल," कचरू म्हणाला.

"बैलं जुपून धाडू का आनायला?" शेजारचे काकासाहेब म्हणाले. ते खास हेच बघायला आले होते.

तेवढ्यात खळ्याला लागून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यानं उसाचा ट्रक सुसाट गेला. जोराचा झोत आला, सुपातलं भूस उडालं आणि गहू खाली सोन्यासारखा पडला.

"बगा मामा, आला का न्हाई वारा?"

"आरं, ह्यो ट्रक हाय."

"वारा कशाचा, ते मी कुटं सांगितलं हुतं?"

मग सगळ्यांचे डोळे रस्त्यावर. काकासाहेब रस्त्याच्या मोरीवर चढून ओरडायचे. ट्रक आला की पुरं सूप, जीप आली की अर्धं, फटफटीला कुणी हातच लावायचा नाही. लंका खालून सुपं भरून देत होती. साडेचारपर्यंत रास निम्मी झाली आणि कचरूला बायको जवळजवळ घरी पोचलेली दिसायला लागली.

"नगरकडून यष्टी!" काकासाहेब ओरडले. "मनमाडकडून ट्रक बी! एकदमच येत्यात!"

"समदी पाट्या घ्या," कचरू म्हणाला. "दोन्ही वाऱ्यात उरकून टाकू."

सासूनंही पाटी उचलली. दोन्ही गाड्या खळ्यासमोरच एकमेकींना खेटून गेल्या. दोन झोत समोरासमोर आले, भूस कुठं जावं ते न कळून सरळ वर गेलं, क्षणभर छत्रीसारखं उभं राहिलं आणि खाली आलं. साफ केलेल्या गव्हावर आलं, आणि एस.टी.च्या उघड्या खिडक्यांतूनही आत गेलं. रंभाजी तर जेजुरीला भंडारा खेळून आल्यासारखे पिवळेधमक. पुढं जाऊन एस.टी. थांबली. ड्रायव्हर खाली उतरून भुवया झटकायला लागला.

रंभाजींनी तोंडातलं भूस थुंकलं. "पोरगी न्हाई यायाची. आता हे समदं हातानं निवडावं लागंल, अन् निवडायला मानूस तर लागतंच."

लंकेनं आधी राशीकडं बघितलं, मग बापाकडं. आत गेली, ट्रंक घेऊन आली आणि थेट एस.टी.त चढली.

"आबा, आखाडालाच यीन," ती खिडकीतून म्हणाली. "तवर व्हईल निवडून."

कचरू चप्पल हातात घेऊन पळत चढला. गाडी हलली. बाभळेश्वर आलं. तो हळूच म्हणाला, "तीनला न्हाई, पन चारला आलाच की न्हाई?"

लंकेनं त्याच्या कानातलं भूस बोटानं काढलं.

"खिडकी लावा," ती म्हणाली.