तापवलेलं सीरम

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. रक्तातून वेगळं काढलेलं सीरम छप्पन्न अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, तर ती एकोणतिसाव्या मिनिटाला कुणाला झाकण उघडू देत नसे. आधी तापवायचं, मगच तपासायचं, ही तिथली जुनी शिस्त. का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. हुशार माणसं अशीच असतात.

काम होतं नॅनोकणांच्या औषधाचं. असा कण रक्तात शिरला की प्रथिनं त्याला गराडा घालतात. शरीराला मग कण दिसत नाही, दिसतं ते त्याच्याभोवतीचं प्रथिनांचं कवच. ते कवच निरुपद्रवी आहे, असा अहवाल तिनंच दिला होता, पंधरा वेळा तपासून. म्हणून तर तिनं हट्टानं आपल्या आजारी दादाचं नाव चाचणीत घातलं. पहिला डोस निभावला. दुसरा, तिप्पट मोठा, आज दुपारी होता.

सकाळी दादाच्या रक्ताची नळी आली, आणि नेमकं तापवायचं यंत्र बंद पडलेलं, दुरुस्ती उद्याशिवाय होणार नव्हती. तिनं नाक मुरडलं आणि सीरम न तापवताच कणांवर घातलं.

दोन वाजता निकालाची पट्टी हातात आली. आजवर कधी न दिसलेल्या दोन ठळक रेघा पट्टीवर उमटल्या होत्या. त्या रेघा म्हणजे शरीराची पहारेकरी प्रथिनं होती. ती चिकटली की अंग त्या कणाला शत्रू समजून पेटून उठतं. आणि तापवलं की तीच निकामी होतात. म्हणजे इतकी वर्षं ती पहारेकऱ्यांना आधी मारत होती आणि मग दारात कुणी अडवत नाही म्हणून खूश होत होती!

वॉर्डात फोन कुणी उचलेना. समोरच्या इमारतीचे तीन जिने ती धावत चढली.

दादा उशीला टेकून बसला होता. औषध घातलेली सलाइनची बाटली निम्मी संपलेली. तिनं आधी नळी बंद केली, मग नर्सला हाक मारली.

"अगं, काय झालं? चेहरा का असा पडलाय तुझा?"

"दादा, कसं वाटतंय? खरं सांग."

"मस्त! विचार तुझ्या वहिनीला, सकाळपासून सगळ्यांना सांगत सुटलोय, घरचं औषध आहे म्हणून." तो हसला. "तू तपासलंयस म्हटल्यावर मला कसली भीती?"

दादानं सदऱ्याचं वरचं बटण सोडलं, मग त्याखालचंही.

"जरा खिडकी उघड गं," तो म्हणाला.

खिडकी उघडीच होती.